‘हॉल’ मोड आणि आपली जबान

होम थिएटरच्या रिसीव्हरच्या रिमोटवर ‘सराउंड मोड’चं एक बटण असतं. ते दाबत गेलं की समोर नावं सरकत जातात. स्टिरिओ, डॉल्बी सराउंड, मल्टी चॅनल स्टिरिओ, रॉक अरीना, जॅझ क्लब, मोनो मूव्ही. यामाहाच्या काही रिसीव्हरवर तर ‘हॉल इन म्युनिक’ आणि ‘हॉल इन व्हिएन्ना’ असे दोन वेगवेगळे हॉल असतात. आपल्याकडे फ्लॅटमधल्या बाहेरच्या खोलीलाही हॉलच म्हणतात. वडाळा रोडवरच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बसून व्हिएन्नाचा हॉल चालू करायचा, यात गंमत आहे हे मान्य. पण त्या गमतीत काय हरवतं, याबद्दल मला आज लिहायचं आहे.

मी ज्या घरांत हे यंत्र पाहिलंय, तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट चालू असते. एकतर मल्टी चॅनल स्टिरिओ, म्हणजे पाचही डब्यांतून तोच आवाज. नाहीतर हॉल, स्टेडियम यांच्यापैकी एखादा घुमणारा मोड. कारण विचारलं की उत्तर साधं असतं. पैसे पाच स्पीकरचे दिलेत, तर पाचही वाजले पाहिजेत. दुकानातही हेच मोड लावून दाखवतात, कारण दोन मिनिटांच्या डेमोत जास्त घुमणारा आवाजच भारी वाटतो. मग तो मोड घरी येतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. सिनेमा असो, बातम्या असोत, किरात असो वा मुशायरा असो, सगळं त्याच हॉलमधून.

माझं म्हणणं असं की, मोड निवडताना किती डबे वाजतात हे मोजू नये. बोललेला शब्द स्वच्छ ऐकू येतो की नाही, एवढंच आधी पाहावं. आपल्या घरांत तर हे जास्तच पाहावं. का, ते पुढे सांगतो. आधी हे बटण नेमकं करतं काय ते बघू, कारण माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी त्यातून फारसं कळत नाही.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने आवाज काही ठरावीक मार्गांत, म्हणजे चॅनलमध्ये, भरलेला असतो. कधी एक, कधी दोन, कधी पाच अधिक एक. हा शेवटचा ‘एक’ फक्त खोल, गडगडणाऱ्या आवाजांसाठी असतो. रिसीव्हर यातलं जसं असेल तसं वाजवू शकतो. यामाहावर त्याला ‘स्ट्रेट’ म्हणतात, इतरत्र ‘डायरेक्ट’, ‘ऑटो’ अशी नावं असतात. दुसरं म्हणजे, दोन चॅनलचा आवाज घेऊन तो पाच डब्यांत हिशेबाने वाटणं. डावी-उजवीकडे जे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला, आणि जे एकमेकांच्या उलट आहे ते मागच्यांना. डॉल्बीचं प्रो लॉजिक १९८७पासून हेच करत आलं, २०००च्या सुमारास त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली, आणि आजचा ‘डॉल्बी सराउंड’ मोड त्याच घराण्यातला. तिसरा प्रकार पूर्ण वेगळा. त्यात यंत्र मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं काहीतरी स्वतःच्या पदरचं घालतं. भिंतीवरून परतणारे कृत्रिम प्रतिध्वनी तयार करून ते मूळ आवाजात मिसळतं. यामाहाने १९८६च्या सुमारास असं पहिलं घरगुती यंत्र आणलं, त्यासाठी खऱ्या सभागृहांत जाऊन मोजमापं घेतली होती. काम म्हणून ते थक्क करणारंच आहे. पण ती सभागृहं होती वाद्यवृंदाची. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध संगीतगृहात आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात, आणि व्हायोलिनला ते शोभतंही. माणूस मात्र एका सेकंदात चार-पाच अक्षरं बोलून मोकळा होतो. पहिल्या अक्षराची शेपटी अजून हवेत असताना नववं अक्षर आलेलं असतं. वर्गखोल्यांसाठी अमेरिकेत जे मानक आहे त्यात नेहमीच्या आकाराच्या वर्गात हा घुमारा ०.६ सेकंदाच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. मी वीसेक वर्षं वर्गात उभा राहतोय. पत्र्याच्या छताच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत शिकवताना शेवटच्या बाकावर शब्द पोचत नाहीत, मग शिक्षक ओरडतो, आणि ओरडल्यावर आणखी कमी कळतं. हॉल मोड लावणं म्हणजे घरात मुद्दाम तशी खोली तयार करणं.

आता त्या ‘चार डबे बंद’ तक्रारीकडे येतो. डॉल्बी सराउंड मोड लावून जुना सिनेमा पाहिला की फक्त मधला स्पीकर वाजतो, बाकीचे गप्प बसतात. घरमालक घाबरतो, सेट बिघडला म्हणून दुकानदाराला फोन करतो. पण यंत्र अगदी बरोबर वागत असतं. सिनेमा मोनो आहे, म्हणजे त्याला एकच चॅनल आहे. डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत सारखं असल्यामुळे सगळा आवाज मधे जातो, पडद्याच्या तोंडाशी, जिथे बोलणारा माणूस दिसतोय. थिएटरातही तो तसाच पडद्यामागून यायचा.

आपला सिनेमा कितीतरी वर्षं असा एकाच तोंडाने बोलला, हे लक्षात ठेवायला हवं. नाशिककरांना सिनेमाचा इतिहास सांगणं म्हणजे गंगेकाठी राहणाऱ्याला पाणी दाखवणं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, मुंबईहून स्टुडिओ त्यांनी नाशिकला आणला, आणि १९४४ला गेलेही इथेच. पण त्यांचं बहुतेक सगळं काम मूक. १९३१च्या १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलायला लागला, तो उर्दू-हिंदुस्तानीत. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठीत बोलला. फाळक्यांचा १९३२चा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. तिथून पुढे चाळीसेक वर्षं, थोडे अपवाद सोडले तर, ‘मदर इंडिया’ काय नि ‘मुगल-ए-आझम’ काय, सगळे एका चॅनलचे. ‘शोले’ १९७५ला आला तेव्हा ७० एमएमच्या प्रती आणि स्टिरिओफोनिक ध्वनी ही नवलाई होती. ती नवलाईही मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत. बाकी देशाने ‘शोले’ मोनोतच ऐकला. त्याच्या संवादांची वेगळी तबकडी निघाली, ती रेकॉर्ड आणि कॅसेट गावोगाव लग्नाच्या मांडवात, पानाच्या टपरीवर वाजली. चित्र नाही, सराउंड नाही, टपरीवरचा एक कर्णा, आणि तरी गब्बर पूर्ण उभा राहायचा. सलीम-जावेद संवाद उर्दू लिपीत लिहायचे आणि मग ते देवनागरीत उतरवले जायचे. ते कागदावरून कानापर्यंत पोचले ते शब्दाच्या जोरावर.

‘मुगल-ए-आझम’चं उदाहरण तर या बटणासाठीच घडल्यासारखं आहे. शीशमहालातल्या त्या गाण्यात आवाज घुमतो ना, तो घुमारा त्या काळी यंत्राने देता येत नव्हता. नौशादसाहेबांनी लताबाईंना स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून गायला लावलं, असं सांगतात. म्हणजे घुमारा किती हवा, कुठल्या ओळीवर हवा, हे एका उस्तादाने कान लावून ठरवलं होतं. त्याच सिनेमात अकबराचा दरबार आहे, कैदखाना आहे, बाग आहे. प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा ठेवलेला आहे. हॉल मोड लावला की बागेतही दरबार आणि कैदखान्यातही दरबार. नौशादांनी एका गाण्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट तुम्ही तीन तास सगळ्यांवर शिंपडता. २००४च्या नोव्हेंबरात हा सिनेमा रंगीत करून पुन्हा लावला, तेव्हा त्याचा ध्वनी सहा ट्रॅकवर नव्याने तयार केला होता. ती प्रत तुमच्याकडे असेल तर पाचही स्पीकर वाजू द्या, ते काम माणसांनी बसून केलेलं आहे. १९६०ची काळी-पांढरी प्रत असेल तर मधला एकटाच बोलू द्या.

आणि ‘मोनो मूव्ही’ या नावाला फसू नका. वाटतं, मोनो सिनेमासाठी मोनो आवाज. ते तसं नसतं. तो मोड मोनो आवाजाला जुन्या थिएटरचा कृत्रिम घुमारा देतो. नव्वदच्या दशकात ‘झंकार’ कॅसेट निघायच्या आठवतं? रफीच्या मागे इलेक्ट्रॉनिक ढोल लावलेला, वरून प्रतिध्वनी. रिक्षात तीच वाजायची आणि काही जणांना मूळ गाणं ऐकवलं तर ते फिकं वाटायचं. मोड बनवणाऱ्यांना मी झंकारवाल्यांच्या रांगेत बसवणार नाही, त्यांचं काम जास्त हुशारीचं आहे. कानावर होणारा परिणाम मात्र साधारण तोच. महिनाभर हॉलमध्ये ऐका, मग सरळ आवाज कोरडा वाटायला लागतो.

मी सुरुवातीला म्हटलं की आपल्या घरांत शब्दाकडे जास्त लक्ष हवं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे रोज दिसतं. नाशिकमधली आपली कितीतरी मुलं आता मराठी किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. त्यात वाईट काही नाही, मराठी त्यांची भाषा आहेच. पण त्यांना उर्दू लिपी येत नाही. घरात बोलली जाते ती आपली दख्खनीकडे झुकणारी बोली, तिचा गोडवा वेगळा, पण तिच्यात क़ाफ बहुतेक ख़े होऊन जातो. मग या मुलांकडे उर्दूचा तलफ्फुज पोचणार कुठून? वाचून तर नाहीच. पोचला तर कानातून. जुना सिनेमा, मुशायऱ्याचा व्हिडिओ, नात, एखादी जुनी मालिका. उरलेला दरवाजा एवढाच.

मराठीत आपण नुक्ता लिहीत नाही. ‘जलील’ असं लिहिलं की त्यात दोन शब्द दडलेले असतात. जीमने लिहिलेला जलील म्हणजे थोर, प्रतापी, अल्लाहच्या नावांपैकी एक. ज़ालने लिहिलेला ज़लील म्हणजे अपमानित, हीन. देवनागरीत वाचणाऱ्या मुलाला दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त कानाला कळतो, तोही एका अक्षराच्या सुरुवातीच्या क्षणात. ज म्हणताना हवा आधी अडते आणि मग सुटते. ज़ म्हणताना ती अडतच नाही, घासत बाहेर पडते. ते अडणं सेकंदाच्या काही शतांश भागाचं असतं. आधीच्या शब्दाचा घुमारा नेमक्या त्याच फटीत जाऊन बसतो. फट बुजली की जलील काय नि ज़लील काय. स, श, ख़, फ़ ही घासून येणारी अक्षरंही आवाजाच्या अगदी वरच्या पट्टीत राहतात, आणि घुमाऱ्यात सगळ्यात आधी तीच मातीमोल होतात. पोरगं सिनेमा पाहतं, गोष्ट कळते, गाणी पाठ होतात. जबान मात्र पडद्यापाशीच राहते.

कुणी म्हणेल, मास्तर, सबटायटल आहेत की. आहेत. पण सबटायटल अर्थ सांगतात, लहजा नाही. आणि तीही बहुतेकदा इंग्रजीत.

दुसरी बाजू म्हाताऱ्यांची. आमचे एक मामू मालेगावचे, आयुष्य पॉवरलूमवर गेलं. लूमच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि शेडमधली माणसं एकमेकांशी ओठांवरून बोलतात हे मालेगाव किंवा भिवंडी पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. अशा गोंगाटात गेलेले कान आधी वरची पट्टी गमावतात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे पुन्हा तीच अक्षरं, स, श, ख़, फ़. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. घरचे मग आवाज वाढवतात. वाढवल्यावर ढोल वाढतो, शब्द तिथेच राहतो, आणि मामू ‘अच्छा है, अच्छा है’ म्हणत उठून नमाजला जातात. त्यांच्यासाठी मी रिसीव्हर सरळ मोडवर आणला, मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढवली, आणि तो शोकेसच्या आत काचेमागे कोंबलेला होता तो ओढून कडेला आणला, किंचित वर तोंड करून. आवाजाचा आकडा आधीपेक्षा कमी ठेवूनही त्यांनी ‘शोले’ मधल्या सूरमा भोपालीवर हसायच्या जागी हसायला सुरुवात केली. याआधी ते आम्ही हसलो की मग हसायचे.

मालेगावचा विषय निघालाच आहे तर ‘मालेगाव के शोले’ विसरता येत नाही. नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास केलेली ती नक्कल. व्हिडिओ कॅमेरा, गावातलीच माणसं, आणि गावातल्या व्हिडिओ पार्लरांत खेळ. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि आता रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ही आला. त्या मूळ नकलेत सराउंड वगैरे काही असण्याचा प्रश्नच नव्हता. तो चालला तो मालेगावच्या बोलीवर. दिवसभर लूमचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला रात्री आपल्याच बोलीतला विनोद स्वच्छ ऐकू येत होता, एवढ्यावर लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत होते.

किरातीबद्दल वेगळं सांगायला हवं. संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथे उघडत नाही, तो उलेमांकडे राहू द्या. पण जे फक्त तिलावतच ऐकतात त्यांच्या घरीही हे बटण असतं आणि त्यांनाही वाटतं, हॉल मोडवर मशिदीत बसल्यासारखं वाटेल. मोठ्या कारींची रेकॉर्डिंग बहुतेकदा मशिदीत किंवा तशा घुमाऱ्यातच झालेली असतात. त्यांचा दम, त्यांचं थांबणं, हे त्या जागेचा घुमारा ओळखून असतं. त्यावर दुसरा घुमारा चढवला की तजवीदचे नियम शिकणाऱ्या मुलाला मखरज ऐकूच येत नाही. क़ल्ब आणि कल्बचं उदाहरण प्रत्येक मौलवीसाहेब पहिल्या महिन्यात देतात. मोठ्या क़ाफचा म्हणजे हृदय, लहान काफचा म्हणजे कुत्रा. मदरशात ज्यावर एवढी मेहनत घेतली जाते ते घरी रिमोटच्या एका बटणाने पुसून टाकायचं, हे मला पटत नाही.

खरं तर आवाज लांब पोचवायचा आणि तरी शब्द शाबूत ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा मोठ्या जमातीत मुकब्बिर असायचा. इमामाची तकबीर तो मधल्या रांगांतून मोठ्याने पुन्हा म्हणायचा, मग मागच्यांना कळायचं. आजही मोठ्या गर्दीत तो असतो. आता विचार करा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. मैदानावर ३४ मीटरच्या अंतराने दोन कर्णे लावले, तर त्यांपैकी एकाजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. ईदच्या खुतब्यात मागच्या रांगांना शब्द दोनदा-तीनदा आल्यासारखे वाटतात ते यामुळे. यावर उपाय म्हणून चांगले ध्वनितंत्रज्ञ मागच्या कर्ण्यांना मोजून उशीर देतात. रिसीव्हरमध्ये स्पीकरचं ‘अंतर’ भरायला सांगतात ते नेमकं याचसाठी. एक मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. तो आकडा टेपने मोजून भरा, अंदाजे नको. मोड बदलण्याआधी करायचं काम हे आहे.

विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिलाय त्यांना मी आणखी काही समजावून सांगायची गरज नाही. वरच्या सज्जात एका बाजूने टाळी वाजवली की ती सात-सात वेळा परत येते, भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा तो घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. शाळेची सहल घेऊन गेलो की मुलं तिथून हलत नाहीत. पण त्या सज्जात उभं राहून मुलांना इतिहास सांगून बघा. खाली उतरून बागेत जाऊनच सांगावा लागतो.

आता, मागचे स्पीकर निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाहीये. ज्यांनी आवाज पाच-सात दिशांनी रचलाय त्यांचा तो हक्क आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ मधला कोकणचा पाऊस समोरच्या दोन डब्यांत कोंबला तर तो पाऊस राहत नाही. रसूल पूकुट्टी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकले आणि २००९ला ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसोबत ऑस्कर घेऊन आले. मुंबईच्या लोकलचा, वस्तीचा, गर्दीचा आवाज कुठे ठेवायचा हे त्यांनी ठरवलंय. तिथे ‘स्ट्रेट’ लावा आणि तुमचे सगळे डबे आपोआप कामाला लागतील.

ते लागत नसतील तर बहुतेक वेळा दोष मोडचा नसतोच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटला ‘पीसीएम’ निवडलेलं असतं. मग टीव्ही सहा चॅनलचा आवाज दोनात दुमडून रिसीव्हरला देतो, आणि रिसीव्हर पुन्हा अंदाजाने तो उलगडत बसतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ करा, केबल एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेत आहे ना ते बघा. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘डॉल्बी डिजिटल’ अशी अक्षरं उमटली की झालं. हे न बघता लोक हॉल मोड लावतात आणि म्हणतात, आता कुठे सराउंड आलं.

मल्टी चॅनल स्टिरिओलाही माझा सरसकट विरोध नाही. ईदला शीरखुर्मा खायला तीस माणसं घरात आहेत, मागे नात हळू आवाजात लावायची आहे, तर सगळीकडे सारखं ऐकू येणं सोयीचं. क्रिकेटला स्टेडियम मोड लावून ज्याला वानखेडेवर बसल्याचा आनंद मिळतो त्याचा आनंद मी हिरावून घेणार नाही. समालोचन नाही कळलं तरी धावफलक दिसतोच.

शेजाऱ्यांचं मात्र ऐकावं लागेल. आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत आहे. भोंग्यांवरून या राज्यात एवढं राजकारण झालंय की आवाज हा शब्द काढला तरी लोक आधी तुमचं नाव विचारतात. म्हणूनच मला वाटतं, घरातल्या आवाजाच्या बाबतीत आपण कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नये. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम फक्त धर्मस्थळांसाठी नाहीत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. भिंत ओलांडून जातो तो संवाद नसतो, तो सबवूफरचा धमाका असतो. खालच्या पट्टीचा आवाज विटेला जुमानत नाही. तरावीहनंतर उशिरा सिनेमा बघणाऱ्यांनी ‘नाइट’ किंवा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ शोधावं. त्याने स्फोट खाली दबतात आणि हळू बोललेलं वर येतं. दिवसा ते बंद ठेवा, कारण ते सतत चालू राहिलं तर कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीची होते, आणि पृथ्वीराज कपूरच्या अकबराला त्याचा राग परत द्यायला हवा.

माझ्या घरी सध्या असं आहे. सिनेमाला स्ट्रेट. जुन्या सिनेमाला आणि मुशायऱ्याला डॉल्बी सराउंड, म्हणजे शब्द मधे येतो. किरातीला आणि गाण्यांना साधा स्टिरिओ. हॉल, स्टेडियम, जॅझ क्लब यांना हात लावायचा नाही, असं मुलांना सांगितलंय. ते लावतातच, पाहुणे आले की मुद्दाम लावून दाखवतात. ज्यांच्याकडे रिसीव्हर नाही, फक्त साउंडबार आहे, त्यांच्या रिमोटवर ‘क्लिअर व्हॉइस’, ‘डायलॉग’ किंवा ‘न्यूज’ असं काहीतरी लिहिलेलं बटण असतं. आज रात्री कुठलाही जुना सिनेमा लावा, डोळे मिटून पाच मिनिटं ‘सराउंड’वर ऐका आणि पाच मिनिटं त्या बटणावर. घरात कुणी लूमवर काम केलेलं असेल तर त्यांनाही शेजारी बसवा, आणि कुठला मोड ठेवायचा ते त्यांना विचारा.